स्पोर्ट्स कार चालवताना कंबर धरते – काय करावं?

वळणवेडा · १२ एप्रिल २०२५, २२:१४

चाळिशी उलटली की माणूस एक तर सह्याद्री पालथा घालायला लागतो, नाहीतर मॅरेथॉन पळायला. मी गाडी घेतली. दोन सीटा, कापडी टप, हाताने टाकायचे गिअर, आठ वर्षं जुनी. कंपनी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद 'ही कशाला घेतली, ती घ्यायची' यातच जातील.

राहतो जर्मनीत, लुडविग्सबुर्गला, स्टुटगार्टच्या शेजारी. तास-दीड तासात श्वार्त्सवाल्डची, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातली, वळणं लागतात, गाडी घ्यायचं कारणच ते. पण होतं असं की घरातून निघून चाळीस मिनिटं झाली की पट्ट्याच्या जरा खाली, डाव्या बाजूला, कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटायला लागतं. तासाभराने ठणका. दीड तासाने उतरलो की पहिली दहा पावलं आजोबांची. पायात कळ जात नाही, मुंग्या नाहीत. घरच्या स्टेशन वॅगनमध्ये चार तास बसलो तरी यातलं काही होत नाही.

कडेलोट पाडव्याला झाला. ३० मार्चला म्युनिकला मंडळींचा कार्यक्रम होता. ए ८ महामार्गाने जेमतेम २३० किलोमीटर, पण रस्त्याच्या कामांमुळे तीन तास लागले. पोचल्या पोचल्या डिकी उघडली, वाकलो आणि श्रीखंडाचा सात-आठ किलोचा डबा उचलला. कमरेत अशी चमक भरली की डबा तसाच डिकीत आणि मी डिकीच्या काठावर. गुढी दुसऱ्यांनी उभारली, मी दोन खुर्च्या जोडून आडवा. येताना गाडी बायकोने चालवली. उल्मपर्यंत एक अक्षर बोलली नाही. उल्मनंतर म्हणाली, "विक ती."

डॉक्टरांनी तपासलं. पायातली ताकद ठीक, एमआरआय सध्या नको म्हणाले, फिजिओच्या सहा वेळांची चिठ्ठी दिली. पहिली तारीख मिळाली आहे मेच्या शेवटी.

उंची सहा फूट एक इंच, वजन ८४. आत्तापर्यंतचे उपाय: जेलची उशी (डोकं टपाला लागतं), सीटची पाठ आणखी मागे पाडणे (जास्त दुखतं), महानारायण तेल (बरं वाटतं, पण गाडीला वैद्यांच्या दवाखान्याचा वास येतो). सीट बदलावी का? सस्पेन्शन मऊ करून घ्यावं का? की वहिनी, म्हणजे तुमच्या वहिनी, म्हणतात तेच खरं?

---

घोडबंदरचे_आबा · १२ एप्रिल, २२:३१

वहिनींशी सहमत. पुढचा धागा.

(हलके घ्या. आम्ही घोडबंदर रोडवाले. इथे कुठलीही गाडी कंबर मोडते, त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.)

---

चौथा_गिअर · १२ एप्रिल, २३:०५

विकू नका हो! पुण्यात माझ्याकडेही एक सेकंडहँड दोन-सीटर आहे, त्यामुळे तुमचं दुःख कळतं. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने रनफ्लॅट टायर घातले होते. हवा गेली तरी चालावं म्हणून त्यांच्या बाजूच्या भिंती जाड आणि कडक असतात, त्यामुळे रस्त्यावरचा खडाही सीटपर्यंत पोचतो. साधे टायर घातले, डिकीत पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर ठेवला. एनडीए रोडचे स्पीडब्रेकर तेच, कंबर तीच, पण पूर्वी जो 'धाड' यायचा तो आता 'धप' येतो.

दुसरं, हवा. पंपावरचा पोऱ्या समोर कुठलीही गाडी असो, सरसकट छत्तीस भरतो. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, तो वाचा. हलक्या दोन-सीटरला बऱ्याचदा तिशीच्या खालीच सांगितलेली असते. चार-सहा पाउंड जास्त म्हणजे स्वतःच्या हाताने सस्पेन्शन कडक करणं. सकाळी टायर थंड असताना मोजा. फुकटचा उपाय आहे, आधी तो करा.

---

सांगलीचा_गूळ · १३ एप्रिल, ०८:४०

कंबरपट्टा बांधून चालवा. माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते, पट्ट्यावर नोकरी काढली. आणि रात्री ओवा-मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक. तेलाच्या वासाचं म्हणाल तर इतकी वर्षं एसटीच्या केबिनला कोणता वास होता?

---

मणकेवाली · १३ एप्रिल, ११:२२

मी फिजिओथेरपिस्ट, नाशिकला असते. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण प्रश्न विचारायला हरकत नाही.

१) दुखणं चालवताना जास्त, की उतरताना?
२) पाकीट कुठल्या खिशात?
३) क्लच दाबायचा नसतो तेव्हा डावा पाय नेमका कुठे असतो? आठवून सांगू नका, गाडीत बसून बघा.
४) स्टिअरिंगच्या माथ्यावर मनगट ठेवलं तर खांदे सीटला टेकलेले राहतात का?
५) वहिनींना शेजारी उभं करून बाजूने एक फोटो काढायला सांगा. रोज बसता तसेच बसा, फोटोसाठी ताठ होऊ नका.

---

अर्धवटराव · १३ एप्रिल, १३:५०

फिजिओताई बसण्याचं बघतील. मी मेकॅनिकल इंजिनिअर, मी थरथरीचं बघतो.

बसलेल्या माणसाचा कणा उभ्या दिशेने हलवला तर सेकंदाला साधारण ४ ते ६ झटक्यांना तो सर्वात जास्त हलतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो चढत जातो, तसंच. म्हणून अंगाला बसणाऱ्या थरथरीचं जे आयएसओ २६३१ हे मानक आहे, त्यात उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या आसपासच्या थरथरीला जास्त वजन दिलेलं असतं.

आता मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरची टक-टक-टक आठवा. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर सांधे ठेवायची पद्धत आहे. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे जवळपास ५ टकटकी. ताशी १०० ला ६. बरोबर कण्याच्या पट्ट्यात! जर्मनीतले स्लॅब पाच मीटरचे धरले तर १०० ला साडेपाच आणि १३० ला सात. म्हणजे जोरात चालवलं तर कणा त्या पट्ट्यातून बाहेर पडू लागतो. हे गणित वहिनींना दाखवू नका.

साध्या गाडीचं शरीर स्प्रिंगांवर सेकंदाला एक-दीड वेळा डुलतं. स्पोर्ट्स कारचं दोनच्या आसपास, आणि तिचा स्प्रिंग बारीकसारीक दणके गिळत नाही, पुढे पाठवतो. सीटचा फोम हा शेवटचा चौकीदार. आठ वर्षांच्या गाडीत तो बसलेला असणार, तोही एकदा दाबून बघा.

---

वळणवेडा · १३ एप्रिल, १९:३७

सगळ्यांचे आभार. आज दुपारी पार्किंगमध्ये अर्धा तास प्रयोग केले. शेजारचे जर्मन आजोबा बाल्कनीतून बघत होते. शेवटी विचारायला खाली आले.

अर्धवटराव, गणित भारी, पण माझं दुखणं गुळगुळीत डांबरी रस्त्यावरही तितकंच येतं. चौथा_गिअर, हवा मोजली, चार पाउंड जास्त निघाली. उतरवली. दणके थोडे कमी झाले, अंगठा तिथेच.

ताईंची उत्तरं:
१) चालवताना हळूहळू वाढतं, उतरताना सगळ्यात जास्त.
२) पाकीट पुढच्या खिशात. वडिलांनी लोकलमध्ये लावलेली सवय.
३) हे बघून मीच चकित झालो. डावीकडे पाय टेकवायला जी पायरी असते तिच्यावर माझा पाय नसतोच. ४६ नंबरचा बूट तिथे नीट मावत नाही, म्हणून पाय क्लचच्या वर तरंगत असतो. टाच जमिनीला जेमतेम.
४) मनगट पोचतं, पण खांदे सीट सोडून पुढे येतात. माझ्या गाडीचं स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं, जवळ येत नाही.
५) फोटोत मी लग्नाच्या पंगतीत भिंतीला टेकून पेंगणाऱ्या काकांसारखा दिसतो. बूड सीटच्या खोबणीपासून चांगलं चार बोटं पुढे. कंबर आणि सीट यांच्या मध्ये बायकोने मूठ घालून दाखवली, सहज गेली.

फोटो टाकत नाही. अब्रू आहे.

---

मणकेवाली · १३ एप्रिल, २१:५८

मग बरंचसं सापडलं म्हणायचं. जरा सविस्तर लिहिते.

जमिनीवर पाय पसरून बसा, गुडघे सरळ. मांडीच्या मागच्या शिरा ओढल्या जातात आणि कंबर आपोआप गोल होते. ऑफिसात बसणाऱ्या दहातल्या आठ जणांची तरी होते, हा माझा रोजचा अनुभव. तुमच्या गाडीत तुम्ही असेच बसता. सीट जमिनीलगत, पाय पुढे पसरलेले, गुडघे बुडापेक्षा वर. फरक एवढाच की समोर पत्रावळीऐवजी स्टिअरिंग आहे. स्टेशन वॅगनमध्ये खुर्चीसारखं बसता, म्हणून तिथे काही होत नाही. ओटीपोटाच्या हाडाचं कडं मागे कलंडलं की कमरेचा आतला बाक जातो आणि सगळा भार मणक्यांमधल्या गाद्यांच्या मागच्या बाजूवर आणि तिथल्या बंधांवर येतो.

स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्याच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. पुढे त्यांच्याच गटाने १९७४ मध्ये गाडीच्या ड्रायव्हर-सीटवर हीच मोजणी केली. पाठ मागे कललेली आणि कमरेला आधार असेल तर दाब कमी होतो. क्लच दाबताना वाढतो. मोजायची साधनं आता बदलली आहेत, पण कमरेचा आधार काही कुणी खोडून काढलेला नाही.

तुम्ही म्हणाल, पाठ मागे कललेली चांगली, मग मी कलवली तर जास्त का दुखलं? कारण पाठ मागे गेली, स्टिअरिंग तिथेच राहिलं. हात पोचावेत म्हणून खांदे सीट सोडून पुढे आले आणि बूड आणखी सरकलं. कलत्या पाठीला खरोखर टेकलात तरच तिचा फायदा.

आणि डावी बाजू. पाय तरंगत ठेवायला मांडी उचलून धरावी लागते. ते काम करणारा स्नायू मांडीच्या हाडापासून थेट कमरेच्या मणक्यांना जाऊन चिकटतो. सोआस म्हणतात त्याला. चाळीस मिनिटं बादली उचलून धरा, दंडाचं काय होईल? तेच तुमच्या कमरेच्या डाव्या बाजूचं होतंय असं मला वाटतं. 'वाटतं' म्हणते आहे, मेमध्ये तिकडच्या फिजिओंना हे सगळं सांगा.

आता बसायचं कसं. क्रम महत्त्वाचा, उलटा केला तर उपयोग नाही.

आधी बूड. दोन्ही हात सीटवर टेकून थोडं उचला आणि खोबणीत आत, आणखी आत. पट्टा लावायच्या आधी. मग क्लच पूर्ण दाबा. गुडघा तरीही किंचित वाकलेला राहिला पाहिजे, तितकी सीट पुढे घ्या. उंच माणसं सीट मागे घेतात कारण ऐसपैस वाटतं, आणि मग क्लचसाठी प्रत्येक वेळी कंबर पुढे ढकलतात. मग पाठ. ती इतकी उभी करा की मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं तरी खांदे सुटणार नाहीत. १०० ते ११० अंशांच्या मध्ये कुठेतरी येईल. सगळ्यात शेवटी टॉवेल.

टॉवेल हात पुसायचा, आंघोळीचा नव्हे. घट्ट गुंडाळी, दोन्ही टोकांना रबर बँड. पट्ट्याच्या रेषेच्या जरा वर, कमरेच्या खोलगट भागात. टेकल्यावर तळहाताएवढी जाडी उरली पाहिजे. टॉवेल 'जाणवतो' म्हणजे जाड झाला. दहा मिनिटांनी तो आहे हे विसरायला झालं पाहिजे. आणि बूड मागे न नेता टॉवेल लावलात तर तो तुम्हाला आणखी पुढेच ढकलेल.

सांगलीकर, पट्टा चमक भरल्यानंतरचे दोन-चार दिवस ठीक. रोज बांधला की पोटा-पाठीचे स्नायू म्हणतात, चला, आपली सुट्टी. मामांच्या नोकरीला मात्र नमस्कार.

---

पोलपोझिशन · १३ एप्रिल, २३:१६

फॉर्म्युला वनवाले तर जवळजवळ झोपून चालवतात, पाय कमरेपेक्षा वर. त्यांची सीट प्रत्येकाच्या अंगाच्या मापाने ओतून घेतलेली असते, मूठ जायची फट नावालाही नाही. तरी २०२२ मध्ये नव्या नियमांच्या गाड्या सरळ रस्त्यावर आपटायला लागल्या (पॉर्पॉइझिंग म्हणतात त्याला) तेव्हा बाकूच्या शर्यतीनंतर लुइस हॅमिल्टन कंबर धरून कसाबसा कॉकपिटमधून उतरला होता. चौथा आला होता तो! त्यानंतरच्या कॅनडाच्या शर्यतीच्या वेळी एफआयएने, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेने, ड्रायव्हरांच्या तब्येतीचं कारण देऊन हे आपटणं मोजायचं आणि त्याला मर्यादा घालायचं ठरवलं.

म्हणजे वळणवेडा, तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

---

घोडबंदरचे_आबा · १३ एप्रिल, २३:२०

एफआयएला घोडबंदरला बोलवा.

---

कार्ल्सरूची_मावशी · १४ एप्रिल, ०९:०४

सीट बदलायचा विचार असेल तर इथले नियम माहीत करून घ्या. मूळ सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असते. बाहेरची सीट बसवली की ती जाते, पट्ट्याच्या कुलपातली वायर आणि इशाऱ्याचा दिवा यांचे प्रश्न येतात आणि टीयूव्हीकडून, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून, गाडीच्या कागदावर चढवून घ्यावं लागतं. न चढवता चालवलीत तर गाडीचा परवाना आणि विमा दोन्ही गोत्यात. त्याच कारणाने पाठीवर साधं बाजारी सीटकव्हरही चढवू नका, एअरबॅगचं तोंड बंद होतं.

हौस असेल तर 'आक्त्सिओन गेझुंडर र्‍युकेन' या संस्थेचा शिक्का असलेली सीट बघा, एजीआर म्हणतात. पाठीच्या दृष्टीने तपासलेल्या खुर्च्या, गाद्या आणि गाड्यांच्या सीटा यांना ते शिक्का देतात. पण दोन-सीटरमध्ये अशी सीट मावेल का, हे आधी टेपने मोजा. माझ्या धाकट्याने न मोजता मागवली होती. आता ती आमच्या दिवाणखान्यात आहे. बसायला छान आहे.

---

आप्पा_एडिसन · १४ एप्रिल, १५:४१

नमस्कार मंडळी. वय ६४, न्यू जर्सी. माझ्याकडे पोर्शची जुनी ९८६ बॉक्स्टर आहे. तिचं बरोबर उलटं, स्टिअरिंग जवळ-लांब होतं पण वर-खाली होत नाही. टॉवेलचा प्रयोग मी मागच्या वर्षी केला आणि माझं दुखणं वाढलं. भुजंगासनानेही वाढलं. मला पुढे वाकल्यावर बरं वाटतं. मणकेवाली ताई, हे कसं?

---

मणकेवाली · १४ एप्रिल, २०:१०

आप्पा, बरं झालं लिहिलंत. एक प्रश्न. दुकानात ट्रॉलीवर रेलून चाललात तर लांब चालता येतं, आणि ताठ चाललात तर पोटऱ्या भरून येतात, असं होतं का?

---

आप्पा_एडिसन · १४ एप्रिल, २०:५५

अगदी हेच! तुम्हाला कसं कळलं? बायको म्हणते, मला खरेदीची आवड उशिरा लागली.

---

मणकेवाली · १४ एप्रिल, २१:३०

साठीनंतर मज्जारज्जूच्या नळीची जागा कमी होते, तेव्हा असं दिसतं. मागे वाकलं की जागा आणखी कमी, पुढे वाकलं की मोकळी. तुम्हाला टॉवेल नको, भुजंगासन नको. डॉक्टरांना ट्रॉलीची गोष्ट जरूर सांगा. म्हणूनच मी म्हणते की एकाच्या कमरेचं औषध दुसऱ्याच्या कमरेला लावू नका.

आणि हे सगळ्यांसाठी. मांडीच्या आतल्या भागात, शौचाच्या-लघवीच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, किंवा पाऊल उचलताना घसटायला लागलं, तर धागा वाचत बसायचं नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ.

वळणवेडा, श्रीखंडाच्या डब्याचं राहिलंच होतं. तीन तास गोल कमरेने बसल्यावर मणक्यामागचे बंध ताणून सैल झालेले असतात. उठल्याबरोबर ते जागेवर येत नाहीत, थोडा वेळ लागतो. त्यातच तुम्ही वाकलात, तेही खोल डिकीत, हात लांब करून, आणि वर आठ किलो. दोष डब्याचा नाही. कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल यांचं सगळं काम पाठीवर आहे, तेही हेच सांगतात की बराच वेळ बसून उठलं की लगेच उचलाउचल नको. आधी उभे राहा, दोन्ही हात वर, दोन श्वास, मग पाच-दहा मिनिटं चाला. डिकी शेवटी उघडायची. त्यांचे तीन व्यायाम प्रसिद्ध आहेत: पाठ न वाकवता डोकं-खांदे किंचित उचलणं, एका कुशीवर कोपर टेकून अंग उचलून धरणं, आणि घोडा होऊन उलट हात-पाय लांब करणं. तुमच्या फिजिओंकडून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको.

उतरतानाही एक पाय बाहेर आणि धड आत अशी पिळवट नको. सीट मागे घ्या, दोन्ही गुडघे जुळवून दोन्ही पाय एकदम बाहेर, पावलं जमिनीवर, हात दाराच्या चौकटीला आणि सीटच्या कडेला, नाक गुडघ्यांच्या पुढे आणि मग उठा. साडी नेसून रिक्षातून उतरणाऱ्या बायका हे न शिकवता करतात.

---

रेवा_मुळशी · १५ एप्रिल, ०७:१२

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावणार. बाकी सगळ्याची वाखू (वाचनखूण) साठवली आहे. माझ्याकडे स्पोर्ट्स कार नाही, अकरा वर्षांची हॅचबॅक आहे, पण चार बोटांची फट आमच्यातही निघाली.

---

चौथा_गिअर · १५ एप्रिल, ०९:३३

एक अडचण दिसते. सहा-एकचा माणूस बूड मागे नेऊन पाठ उभी करून बसला की डोकं टपात जाणार. छोट्या रोडस्टरवाले, म्हणजे उघड्या टपाच्या दोन-सीटरवाले, सीटच्या गादीचा फोम खालून कापून दोन-तीन सेंटीमीटर खाली बसतात, तो एक मार्ग आहे. वरून कापू नका, वर सीट गरम करायची जाळी असते.

---

मणकेवाली · १५ एप्रिल, १३:०५

कापाल तर बूड आणखी खाली, गुडघे आणखी वर. एक दुखणं देऊन दुसरं घेणं. मी तरी आधी टॉवेलवर महिनाभर काढेन.

---

वळणवेडा · ५ मे, २१:४६

उशिरा उत्तर देतोय, क्षमस्व. शनिवारी बी ५०० ला जाऊन आलो. बाडेन-बाडेनपासून फ्रॉइडेनश्टाटपर्यंतचा साठेक किलोमीटरचा डोंगरमाथ्याचा रस्ता, वाटेत मुमेलझेचा तलाव. घरापासून घरापर्यंत साडेचार तास गाडीत.

फोम कापला नाही. सीट तीन खाचा पुढे आली. पहिले दोन दिवस टांग्यात बसल्यासारखं वाटलं, गुडघे कुठे ठेवावेत कळेना. आता जुन्या जागेवर नेली तर स्टिअरिंग दुसऱ्या खोलीत आहे असं वाटतं. डोकं टपाला लागतंच, त्यावर उपाय म्हणून टप उघडा ठेवतो. पायांवर हीटर, बुडाखाली सीटचा हीटर, डोक्यावर वडिलांची माकडटोपी. माकडटोपी घालून रोडस्टर चालवणारा या राज्यात मी एकटाच असेन. टप बंद करावा लागला तर पाठ एक खाच मागे घेतो आणि पाऊण तासाच्या वर जात नाही.

पायाचं सगळ्यात अवघड गेलं. पातळ तळव्याचे, अरुंद जोडे घेतले, आता पाऊल पायरीवर मावतं. पण सवय! पहिल्या आठवड्यात प्रत्येक सिग्नलनंतर स्वतःला सांगायचो, "पाय ठेव." बायको शेजारी असली की तीच सांगते, तिच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, लहानपणी मला सांगायची त्या आवाजात.

निकाल: अंगठा पहिल्यांदा जाणवला तो दोन तासांनी, मुमेलझेजवळ. थांबलो, तळ्याला फेरी मारली, केक खाल्ला, गेला. परतीच्या वाटेवर कार्ल्सरूच्या अलीकडे कोंडीत अर्धा तास क्लच-ब्रेक-क्लच झालं, तेव्हा मात्र चांगलंच धरलं. घरी पोचल्यावर डिकी उघडली नाही. रविवारी सकाळी उघडली. आत चेरीच्या दारूची बाटली होती, तीही एका हाताने, गुडघे वाकवून.

फिजिओची तारीख २७ ला आहे, जाणार आहेच.

---

घोडबंदरचे_आबा · ५ मे, २२:०२

मग विकताय की नाही? भाचा विचारतोय.

---

वळणवेडा · ५ मे, २२:१५

बायको आता रविवारची गाडी मागते. टॉवेलची गुंडाळी तिने ऑफिसच्या खुर्चीला नेली आहे, मी आजपासून नवीन टॉवेलवर.